रक्त किती लागेल ?

फैजपूर हें नांव आमच्या बहुतेक वाचकांस १९३६ सालच्या डिसेंबरांतील काँग्रेसच्या अधिवेशनामुळें ठाऊक आहे. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानीं होते आणि अधिवेशनासाठीं उभारलेल्या वस्तीस टिळकनगर असें नांव दिलेलें होतें. आज त्याच गांवावरून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता जातो. चोपडें, यावल, फैजपूर, सावदें, रावेर अशी ही गांवांची ओळ. दोहों बाजूंस केळीच्या बागा. आणि रस्त्यावर रात्रंदिवस केळीं, पपया व कापूस वाहणाऱ्या मालमोटारी. २०२१ सालच्या १४ फेब्रुवारीस मध्यरात्रीच्या सुमारास याच रस्त्यावर किनगांवाजवळ पपयांनीं भरलेली एक मालमोटार उलटली. मालावर बसून परतणारे रावेराकडील मजूर तींत सांपडले आणि पंधरा जण प्राणांस मुकले.

त्या पंधरा जणांस एखाद्या चांचणीनें वाचविलें असतें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. ज्याचा प्राण जागच्या जागीं जातो त्याच्यापुढें वैद्यक हात टेकतें. परंतु रस्त्यावरील अपघातांत दुसरेहि कांहीं जण असतात. ते जिवंत रुग्णालयांत पोंचतात, आपलें नांव सांगतात, पाणी मागतात, आणि दोन-तीन तासांत त्यांचा दिवा विझतो. त्यांपैकीं कोणास पुष्कळ रक्त लागणार आणि कोणास मुळींच लागणार नाहीं, हें पहिल्या घटकेंतच ओळखतां येईल काय, हा आजचा आमचा विषय आहे. अलीकडील वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नाचें उत्तर एका अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें आहे. रक्त किती गेलें यापेक्षां उरलेलें रक्त साकळतें कीं नाहीं, हें पाहिल्यानें पुढचें अधिक नेमकें कळतें.

हा प्रश्न मुंबईपेक्षां फैजपुरास अधिक निकडीचा आहे, आणि त्याचें कारण अंतर. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत रक्तपेढी त्याच आवारांत असते. चुकीचा अंदाज केला तरी जिना चढून-उतरून तो दुरुस्त करतां येतो. फैजपुराहून जळगांव सुमारें पन्नास किलोमीटर. तेथें २०१८ सालीं सुरू झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, रेडक्रॉसची रक्तपेढी आहे. पण जखमी माणूस तेथें पोंचल्यावर मग रक्ताची जुळवाजुळव करूं म्हटलें तर निम्मा डाव हातचा गेलेला असतो. त्यांतून रक्त ही आतां एकच एक वस्तु राहिलेली नाहीं. रक्तपेशींची पिशवी शीतपेटींतून काढून जुळवून देतां येते. परंतु रक्तांतील पातळ भाग, ज्यास रुग्णालयांत प्लाझ्मा म्हणतात, तो उणें तीस अंशांवर दगडासारखा गोठवून ठेवलेला असतो. तो कोमट पाण्यांत वितळवावयास वीस-तीस मिनिटें लागतात, आणि एकदां वितळविला कीं परत गोठवितां येत नाहीं. साकळण्यास लागणारीं द्रव्यें याच भागांत असतात. तेव्हां उगीच मागविला तर दुर्मिळ वस्तु फुकट जाते, आणि उशिरां मागविला तर माणूस जातो. ज्यास चोवीस तासांत रक्तपेशींच्या दहा पिशव्या द्याव्या लागतात त्याच्या बाबतींत 'प्रचंड रक्तसंक्रमण' झालें असें शास्त्र म्हणतें. म्हणजे जवळजवळ अंगांतलें सारें रक्त बदलण्यासारखेंच. जखमींमध्यें असे रुग्ण शंभरांत तीन-चारच निघतात. परंतु वेळीं न ओळखल्यामुळें दगावणारे बहुधा त्यांतच असतात.

रक्तस्राव डोळ्यांनीं मोजण्याची आपली जुनी संवय आहे. धोतर भिजलें, ओसरी लाल झाली कीं घर हादरतें. वरून जखम दिसत नसली कीं हायसें वाटतें. हे दोन्ही तर्क फसवे आहेत. डोक्याच्या कातडीची बोटभर चीर भळभळा वाहते आणि चार टांक्यांत थांबते. उलट मांडीचें हाड मोडलें तर लीटरभर रक्त मांडींतच मुरतें. कमरेच्या हाडांचें कडें फुटलें किंवा प्लीहा फाटली तर त्याहून कितीतरी अधिक पोटांत सांठतें आणि बाहेर एक थेंबहि दिसत नाहीं. बरें, हिमोग्लोबिन तपासावें तर तेंहि प्रारंभीं मुकेंच असतें. पातेल्यांतलें निम्में दूध सांडलें तरी उरलेल्या दुधाची दाटी तीच राहते. तें पातळ होतें मागाहून पाणी घातल्यावर. शरीरांतहि नेमकें असेंच घडतें, आणि म्हणून पहिल्या अर्ध्या तासांतील 'हिमोग्लोबिन बारा आहे, काळजी नको' हें वाक्य ऐकून कोणीं निर्धास्त होऊं नये. रक्तदाबाचेंहि तेंच. केळीचे घड उचलणारा पंचविशींतला मजूर जवळजवळ एकतृतीयांश रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकवून धरतो, आणि मग एकाएकीं कोसळतो.

सुश्रुतसंहितेंत रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन व दहन. त्यांतील स्कंदन म्हणजेच साकळविणें. शरीर हें काम आपलें आपणच करतें, म्हणून आपण त्याचा विचार करीत नाहीं. विळीनें कापलेलें बोट पांच-सात मिनिटें दाबून धरलें कीं झालें. मोठ्या आघातांत हीच शक्ति बिघडते, हें शस्त्रवैद्यांस फार दिवसांपासून दिसत होतें. परंतु आपण शिरेंतून सलाइनच्या बाटल्या ओततों, त्यानें रक्त पातळ व थंड होतें, आणि म्हणून तें साकळत नाहीं, अशीच त्यांची समजूत होती. रॉयल लंडन रुग्णालयांतील करीम ब्रोही व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं १,०८८ जखमींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हां ही समजूत अपुरी ठरली. सुमारें चौथ्या हिश्श्याचे रुग्ण रुग्णालयाच्या दारांत आले तेव्हांच त्यांच्या रक्ताची साकळण्याची शक्ति बिघडलेली होती, आणि शिरेंतून किती पाणी दिलें याच्याशीं त्याचा संबंध दिसेना. अशा बिघाडाच्या रुग्णांतील ४६ टक्के दगावले. ज्यांचें रक्त शाबूत होतें त्यांच्यांतील सुमारें ११ टक्के.

याचें कारण आतां बरेंच उलगडलें आहे. रक्त कमी पडून शरीराच्या कणाकणास प्राणवायूची टंचाई झाली कीं रक्तवाहिन्यांच्या आंतील अस्तर उलट्या बाजूनें कामास लागतें. गुठळी होऊं न देणारीं द्रव्यें वाढतात आणि झालेली गुठळीहि विरघळूं लागते. फायब्रिनोजेन नांवाचें जें प्रथिन आहे, ज्याच्या तंतूंचें जाळें होऊन गुठळी बांधली जाते, तें सर्वांआधीं तळास जातें. त्यावर थंडी व पाणी यांची भर पडली कीं पहिला बिघाड दुप्पट होतो. सलाइनवरील जुना आळ अशा रीतीनें निम्मा खरा ठरला.

आतां चांचण्यांकडे वळूं. सर्वांत प्रचलित चांचणी अमेरिकेंतील आर्मंड क्विक यांनीं १९३५ सालीं दिली. रक्त सायट्रेट घातलेल्या नळींत घेतात म्हणजे तें साकळत नाहीं. मग नळी गरगरा फिरवून पेशी खालीं बसवितात, वरच्या पिवळ्या पाण्यांत साकळविणारें द्रव्य व कॅल्शियम घालतात आणि किती सेकंदांत तें गोठतें हें पाहतात. निरोगी माणसाचें उत्तर बारा सेकंदांच्या आसपास येतें. निरनिराळ्या प्रयोगशाळांतील उत्तरें एकमेकांशीं ताडतां यावींत म्हणून त्याचें एक प्रमाण काढतात; त्यासच डॉक्टर मंडळी आय. एन. आर. म्हणतात. निरोगी माणसांत हा आंकडा एकाच्या जवळ असतो. जखमींमध्यें हें प्रमाण १.२ च्या वर गेलें कीं मृत्यूचा धोका व रक्ताची गरज दोन्ही वाढलेलीं आढळतात. ही चांचणी स्वस्त आहे, तालुक्याच्या गांवींहि करतां येण्यासारखी आहे. परंतु तिच्यांत दोन उणिवा आहेत. एक म्हणजे पेशी वगळलेलें पिवळें पाणी ऊबदार नळींत काय करतें एवढेंच ती सांगते. गुठळी कितपत बळकट झाली, ती टिकते कीं विरघळते, हें तीस कळत नाहीं. दुसरी म्हणजे वेळ. रक्त खालच्या मजल्यावर पाठवून उत्तर वर येईपर्यंत चांगल्या रुग्णालयांतहि तास उलटतो.

या उणिवा भरून काढणारी कल्पना हेल्मुट हार्टर्ट यांनीं हायडेलबर्ग येथें १९४८ सालींच मांडली होती, हें पाहून मौज वाटते. एका चिमुकल्या वाटींत सगळेंच रक्त घ्यावयाचें, त्यांत वरून तारेला टांगलेली एक कांडी सोडावयाची आणि वाटी सावकाश इकडून तिकडे फिरवीत राहावयाची. रक्त पातळ असतांना वाटी फिरते पण कांडी स्थिर राहते. तें बांधूं लागलें कीं कांडीहि वाटीबरोबर ओढली जाते. तिची हालचाल कागदावर उमटली कीं साकळण्याची सारी कुंडली समोर येते. आमच्या भगिनींस हें समजणें मुळींच अवघड नाहीं. विरजण लागावयास किती वेळ गेला, दही कवडीसारखें घट्ट लागलें कीं पाणचट राहिलें, आणि कांहीं वेळानें त्यास पाणी सुटलें काय, हेच तीन प्रश्न हें यंत्र रक्तास विचारतें. सुधारलेलीं यंत्रें पांचव्या मिनिटासच गुठळीचें बळ सांगूं लागतात. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या, लंडनांतील ३०० जखमींच्या पाहणींत ज्यांचा पांचव्या मिनिटाचा आंकडा ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यांतील ४६ टक्के जणांस रक्तपेशी द्याव्या लागल्या. इतरांत हें प्रमाण १७ टक्के होतें. त्याच रुग्णांच्या प्रयोगशाळेंतील उत्तरास साधारणपणें सव्वा तासाहून अधिक लागला.

एवढें वाचून कोणासहि वाटेल कीं प्रत्येक तालुक्यास असें एकेक यंत्र द्यावें म्हणजे झालें. आमचें मत तितकें उत्साहाचें नाहीं. डेन्व्हर येथें १११ जखमींवर झालेल्या प्रयोगांत, या यंत्राच्या सल्ल्यानें रक्त दिलेल्यांपैकीं २८ दिवसांत २० टक्के गेले आणि जुन्या चांचण्यांच्या आधारें दिलेल्यांपैकीं ३६ टक्के. हा निष्कर्ष २०१६ सालचा. परंतु २०२१ सालीं युरोपांतील अनेक रुग्णालयांत ३९६ जखमींवर झालेला असाच प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यांत दोन्ही बाजूंच्या परिणामांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. तेथें दोन्ही बाजूंस रक्त, प्लाझ्मा व बिंबिका पहिल्या मिनिटापासून तयार होत्या. भाकीत करणें निराळें आणि प्राण वाचविणें निराळें. ज्याच्या कोठारांत सर्व कांहीं आहे त्यास भाकिताचा उपयोग थोडाच. ज्याचें कोठार पन्नास किलोमीटरांवर आहे त्यानें मात्र तें भाकीत महागड्या यंत्रावांचून कितपत करतां येतें हें पाहिलें पाहिजे.

आणि तें बरेंच करतां येतें. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यांत घोणस व फुरसें चावलेले रुग्ण येतात. या सापांचें विष रक्ताची साकळण्याची शक्तीच नष्ट करतें. त्यासाठीं ग्रामीण डॉक्टर एक साधी चांचणी करतात: कांचेच्या स्वच्छ, कोरड्या नळींत दोन मिलिलीटर रक्त घ्यावयाचें, वीस मिनिटें तीस हात लावावयाचा नाहीं, मग एकदांच तिरपी करून पाहावयाचें. नळी कांचेचीच हवी, कारण कांचेच्या स्पर्शानेंच साकळण्याची क्रिया सुरू होते. प्लॅस्टिकची चालत नाहीं आणि साबणानें धुतलेली तर नकोच. जखमींच्या बाबतींत ही नळी सर्पदंशाइतकी पारखलेली नाहीं, शिवाय फायब्रिनोजेन अगदीं रसातळास जाईपर्यंत ती बोलत नाहीं. म्हणून नळींतलें रक्त साकळलें तर त्यावरून कांहींच ठरवूं नये. पातळच राहिलें तर मात्र जळगांवास दूरध्वनि करण्यास विलंब लावूं नये. त्याहून सोपी आणखी एक खूण आहे, तीस ना नळी लागते ना यंत्र. नाडीच्या ठोक्यांस रक्तदाबाच्या वरच्या आंकड्यानें भागावें. निरोगी माणसांत हें उत्तर अर्धा ते पाऊण यांच्या दरम्यान येतें. तें एकाजवळ पोंचलें, म्हणजे नाडी १२० आणि दाब ११० असें दिसूं लागलें, कीं दाब चांगला दिसत असूनहि माणूस आंतून रिता होत आहे असें समजावें. ही खूण १९६७ सालापासून पुस्तकांत आहे. बोटाच्या टोंकास टोंचून आय. एन. आर. सांगणारीं हातांत मावणारीं यंत्रेंहि मिळतात. ही खूण आणि तो आंकडा दोन्ही एकत्र बिघडलेलीं दिसलीं तर रुग्णवाहिका फैजपूर सोडण्यापूर्वींच जळगांवीं प्लाझ्मा वितळत ठेवतां येईल. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २०१४ सालापासून आहे, दूरध्वनि तर प्रत्येकाच्या खिशांत आहे. तेव्हां उणीव आहे ती ठरलेल्या रीतीची: कोणता आंकडा दिसला कीं कोणीं कोणास कळवावयाचें आणि कळविल्यावर पेढीनें काय करावयाचें, हें आधीं लिहून भिंतीवर लावलेलें असावें.

हें केवळ आमचें स्वप्नरंजन नव्हे. मुंबईचीं के. ई. एम. व शीव येथील रुग्णालयें, त्यांच्या जोडीस दिल्ली व कलकत्ता येथील रुग्णालयें, यांतील जखमींच्या २,५२३ मृत्यूंचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांनीं एकेक नोंद तपासली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यु टाळतां येण्याजोगे होते असा निर्वाळा दिला. महानगरांतील नामांकित रुग्णालयांची ही स्थिति, तर तालुक्याची काय सांगावी !

एक औषध मात्र कोणत्याहि चांचणीची वाट न पाहतां देतां येतें. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हें त्याचें नांव. जपानांतील उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्यानें तें १९६२ सालीं जगापुढें मांडलें. झालेली गुठळी विरघळूं न देणें हें त्याचें काम, आणि स्त्रियांच्या अतिस्रावावर त्याच्या गोळ्या घरोघरीं दिल्या जातात. ४० देशांतील २०,२११ जखमींवर झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत, जींत आपल्या देशांतील रुग्णालयेंहि होतीं, या इंजेक्शनानें मृत्यूचें प्रमाण १६ टक्क्यांवरून साडेचौदांवर आलें. मात्र तें अपघातापासून तीन तासांच्या आंत, आणि होतां होईल तों पहिल्या तासांत द्यावें लागतें. तीन तास उलटल्यावर दिलें तर अपायच संभवतो.

आतां घरांतल्या गोष्टीकडे येऊं. एकत्र कुटुंबांत आजोबांच्या हृदयाची झडप बदललेली असते, काकांच्या हृदयवाहिनींत जाळी बसविलेली असते, आत्याबाईंच्या नाडीचा ठोका अनियमित असतो. ही सारी मंडळी रक्त न साकळण्याचीं औषधें घेत असतात. वॉरफरिन घेणाऱ्याचा आय. एन. आर. मुद्दाम अडीच-तीनच्या घरांत ठेवलेला असतो. असा माणूस न्हाणीघरांत पाय घसरून पडला आणि डोक्यास सुपारीएवढें टेंगूळ आलें, तर 'बसा हळद-तूप लावून' असें म्हणण्याची सोय राहिलेली नाहीं. त्यास त्याच दिवशीं रुग्णालयांत नेलेंच पाहिजे. वॉरफरिनचा परिणाम निदान चांचणींत दिसतो. अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांचा परिणाम त्या चांचणींत मुळींच दिसत नाहीं, आणि अपिक्झाबान, रिव्हारॉक्झाबान यांसारख्या नव्या गोळ्यांचाहि भरंवशानें दिसत नाहीं. आंकडा सरळ येतो आणि रक्त मात्र थांबत नाहीं. येथें यंत्रापेक्षां घरच्या माणसाचा शब्द मोलाचा. पण त्या वेळीं औषधाचें नांव नेमकें कोणास आठवत नाहीं, कारण गोळ्यांचा डबा सूनबाई भरतात आणि रुग्णालयांत जातात पुतणे. प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या पाकिटांत किंवा कमरेच्या पिशवींत औषधाचें नांव, मात्रा व रक्तगट लिहिलेली एक चिठ्ठी असावी, एवढी व्यवस्था करण्यास एक दुपार पुरे.

दुसरी गोष्ट धांवपळीची. डॉक्टरांनीं 'रक्त लागेल' म्हटलें कीं घरचे चार तरुण बाह्या सरसावून उभे राहतात, आणि त्यांच्या अंगचें रक्त तत्काळ रुग्णास मिळेल अशी सर्वांची कल्पना असते. तसें होत नाहीं. दिलेलें रक्त कावीळ, एड्स, उपदंश व हिवताप यांसाठीं तपासावें लागतें आणि त्यांत तासन् तास जातात. पहिल्या तासांत जें चढविलें जातें तें आठवडा-पंधरवड्यापूर्वीं कोणा अनोळखी माणसानें देऊन ठेवलेलें असतें. रक्तपेशी पांच-सहा आठवडे टिकतात, बिंबिका अवघे पांच दिवस. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयें बंद असतात, रक्तदानाचीं शिबिरें थंडावतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नसराईमुळें रस्त्यांवर वाहनांची रीघ लागते. निरोगी पुरुषास दर तीन महिन्यांनीं व स्त्रीस दर चार महिन्यांनीं रक्त देतां येतें. घरांतील मंडळींनीं आपल्या पाळ्या अशा बेतानें लावाव्यात कीं निदान दोघांची तरी उन्हाळ्यांत यावी. जळगांव-भुसावळकडे बाजारास किंवा कचेरीच्या कामास जाणें होतेंच, त्याच फेरींत हें काम अर्ध्या-पाऊण तासांत उरकतें.